गिअरची सायकल, एक जोडी बूट आणि साताऱ्याचा उन्हाळा: फेब्रुवारी ते जून वापरून

कोणती सायकल घेऊ, डोंगरात चालेल का, असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. सायकल २९ इंची चाकाची, पुढे सस्पेन्शन (धक्के झेलणारा फोर्क), गिअर पुढे ३ मागे ८, केबलवाले डिस्क ब्रेक, वजन १५ किलोच्या आसपास. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण या किमतीत सगळ्या सायकली सख्ख्या बहिणी असतात, स्टिकर तेवढे वेगळे.

वापर कसा तर पहाटे उजाडायच्या आधी निघायचं, डोंगराच्या पायथ्याला एखाद्या ओळखीच्या टपरीपाशी सायकलला कुलूप घालायचं, वर चालत जायचं आणि नऊच्या आत घरी. मार्चनंतर साताऱ्यात नऊ वाजता ऊन असं चढतं की त्यानंतर डोंगरात थांबण्यात काही अर्थ नाही. हे आधी सांगतोय कारण सायकलचा सगळा हिशोब यावरच आहे. आपल्याकडचे डोंगर सायकलवर बसून फिरायचे नाहीत, सायकलने गाठायचे आणि पायांनी चढायचे. अजिंक्यताऱ्यावर थेट दरवाजापर्यंत डांबरी रस्ता आहे, तो सायकलला झकास, पण गावाच्या बाजूने वर जाणाऱ्या ज्या पायवाटा आहेत त्यांच्यावर सायकल नेली तर तुम्ही सायकलवर नाही, सायकल तुमच्यावर बसते.

म्हणून दुकानदार ज्या सस्पेन्शनचं इतकं कौतुक करतो त्याचा मला फार उपयोग झाला नाही. यवतेश्वरच्या घाटात ते लॉकच ठेवतो, नाहीतर प्रत्येक पेडलला पुढची बाजू खालीवर होते आणि अर्धा जोर तिथेच जिरतो. कामाला आले ते गिअर. पुढची लहान चकती २४ दातांची, मागची मोठी ३४ दातांची, म्हणजे पेडल एक पूर्ण फेरी मारलं तरी चाक पाऊण फेरीसुद्धा फिरत नाही, त्यामुळे समर्थ मंदिरापासून यवतेश्वरपर्यंत न उतरता जाता येतं, वेग विचारू नका, सकाळी फिरायला आलेले आजोबा चालत गप्पा मारत सोबत येतात. दुकानात बघताना बाकी काही नाही विचारलं तरी चालेल पण हे दात मोजा.

ब्रेकबद्दल थोडं नीट लिहितो. घाट उतरताना मागचाच ब्रेक दाबून ठेवायची सवय असेल तर पॅड लवकर जातात, माझे मागचे एप्रिलमध्येच गेले, नवीन स्वस्तात मिळतात आणि घरी बदलता येतात. दोन्ही ब्रेक आलटून पालटून, थोडे थोडे दाबायचे आणि खाली आल्यावर ब्रेकच्या चकतीला बोट लावून बघायचा मोह टाळायचा, चांगलीच भाजते. धूळ बसली की मागचा ब्रेक इतका किंचाळतो की सज्जनगडच्या रस्त्यावरच्या बोगद्यातून जाताना माणसं वळून बघतात. त्यावर उपाय म्हणून चुकूनही तेल सोडू नका, चकतीला तेल लागलं तर पॅड वाया. कोरड्या फडक्याने पुसा, बास.

उन्हाळ्यातली खरी कटकट म्हणजे वणवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठला ना कुठला डोंगर पेटलेला असतोच, दुसऱ्या दिवशी त्या बाजूला गेलात की काळी राख बुटांवर, पोटऱ्यांवर आणि साखळीवर. साखळीला घट्ट तेल असेल तर राख आणि धूळ त्यात कालवून असा काळा लगदा होतो की दात घासून निघतात. मी आता मेणवालं कोरडं वंगण वापरतो, महाग आहे, सारखं लावावं लागतं, पण साखळी हाताला काळी लागत नाही. पंक्चर म्हणाल तर बाभळीचे काटे, विशेषतः माहुलीकडे नदीकाठच्या कच्च्या वाटांवर. जाडी ट्यूब टाकली आणि हवा कच्च्या वाटेला ३० पीएसआय, डांबरावर ४० ठेवली, तेव्हापासून बरंच बरं आहे.

आता बूट. जाळीचे रनिंगचे बूट उन्हाळ्यात हवेशीर असतात म्हणून सगळे तेच सांगतात, पण वाळलेल्या गवतातून अर्धा तास चाला आणि मग बोला. कुसळं जाळीतून आत शिरतात, मोज्यात अडकतात, आणि टोक असं असतं की पाऊल टाकलं की पुढे सरकतं, मागे येत नाही. दगडावर बसून मोजा उलटा करून एकेक कुसळ नखाने ओढायचं, यात निम्मी सकाळ जाते. त्यामुळे मी घट्ट विणीच्या कापडाचे, घोट्यापर्यंतचे बूट घेतले. पाय थोडा घामेजतो पण चालायला निवांत. तळ खोल खाचांचा हवा, कारण मे महिन्यातला घसारा पावसाळ्यातल्या शेवाळापेक्षा वाईट, मुरूम पायाखालून गोट्यांसारखा सरकतो. चढताना काही वाटत नाही, उतरताना कळतं. याच बुटांनी पेडलही मारता येतं, फक्त सोबत आलेली प्लास्टिकची पेडलं काढून रुंद, दातेरी धातूची लावा.

कुठे जायचं म्हणाल तर उन्हाळ्यात माझी सगळ्यात आवडती फेरी लिंब गावाची. हायवेच्या सर्व्हिस रोडने गेलं की गावाजवळ बारा मोटांची विहीर. १७१९ ते १७२४ दरम्यान विरूबाई भोसले यांनी बांधलेली, आमराईला पाणी द्यायला, खोली ११० फूट सांगतात आणि विहिरीतच छोटा महाल आहे. बाहेर डोकं तापलेलं असताना पायऱ्या उतरून कमानीखाली गेलं की हवा एकदम थंड लागते. पाण्यात उतरायच्या भानगडीत पडू नका.

सज्जनगडला जायचं तर बोगद्यातून पलीकडे गेलं की रस्ता मस्त आहे, मे महिन्यात गडावरून बघितलं तर उरमोडी धरणाचं पाणी खूप आत गेलेलं दिसतं. येताना चढ उन्हात येतो, तेवढं लक्षात ठेवा. कास मात्र पहाटे लवकर निघणार असाल तरच, साताऱ्यापासून २५ किलोमीटर आणि सगळा रस्ता चढउताराचा. फुलांच्या सीझनला असते ती गर्दी उन्हाळ्यात अजिबात नसते, करवंदं मात्र भरपूर. पण पठार कोरडं दिसतंय म्हणून कृपा करून सायकल आत घालू नका. जांभ्यावर मातीचा पातळ थर आहे, पुढच्या पावसाचे कंद आणि बिया त्यातच आहेत, २०१२ साली जागतिक वारसा म्हणून नाव लागलंय ते त्याच्याचसाठी. रस्त्याला सायकल लावायची आणि मळलेल्या वाटेनेच चालायचं.

पाणी माणशी २ लिटर कमीच पडतं. बाटलीवर ओला सुती मोजा चढवा, वाऱ्याने पाणी गार राहतं, अगदी फ्रिजसारखं नाही पण पिण्यासारखं. ओआरएसची पुडी खिशात ठेवाच. घरी बायको कोकम सरबत देते, ते वरती गेल्यावर जास्त चांगलं लागतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

घ्यावी का? डोंगरापर्यंत जायचंय, घाट चढायचाय, कच्ची वाट मधेमधे आहे, तर घ्या. फक्त पोवई नाक्यापासून ऑफिसला जायचं असेल तर ही जड पडेल, सस्पेन्शन नसलेली साधी हायब्रिड घ्या आणि उरलेल्या पैशात बूट घ्या. जुनी मिळत असेल तर पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर ओरखडे आहेत का, मागच्या मोठ्या चकतीचे दात टोकदार झालेत का आणि चाक फिरवल्यावर डुगडुगतं का, एवढं बघा आणि मगच भाव बोला.