नऊ महिन्यांच्या वापरानंतर: ई-सिम, ९८२२ आणि डब्यातली सहा कार्डे

पुण्यात आमचा लग्नपत्रिकांचा छोटा छापखाना आहे आणि १९९९ पासून प्रत्येक पत्रिकेच्या मागे, अगदी तळाशी, बारीक टाइपात एकच मोबाइल क्रमांक छापला जातो. त्याची सुरुवात ९८२२ ने होते. स्वतःच्या लग्नाची जपून ठेवलेली पत्रिका कपाटातून काढून, त्यावरचा क्रमांक वाचून, आता मुलीच्या पत्रिकेची चौकशी करणाऱ्या बायकांचे फोन मला दरवर्षी येतात. एकदा छापून घरोघरी गेलेली ओळ परत घेता येत नाही, त्यामुळे हा क्रमांक बदलण्याचा विचार मी कधीही केलेला नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे एप्रिल २०२५ मध्ये, ऐन लग्नसराईत एका दुरुस्तीच्या दुकानात ट्रे ओढताना माझ्या सिमकार्डाचा कोपरा तुटला आणि फोनने कार्ड ओळखणे बंद केले. दुकानदाराने कार्ड जुने असल्याचे सांगून हात वर केले. नवा फोन ई-सिम घेणारा होता, त्यामुळे मी पुन्हा कार्ड न घेता ई-सिम घेतले. मेलवर आलेला क्यूआर कोड स्कॅन केला आणि काही वेळात कोपऱ्यात वी, म्हणजे व्होडाफोन आयडिया, हे नाव उमटले. ई-सिम म्हणजे फोनमध्येच बसवलेले सिम, त्याला वेगळे कार्ड लागत नाही, एवढे सांगितले की पुरे. ते वापरताना मला काय खटकले आणि कोणते मत बदलावे लागले, एवढेच लिहिते.

खटकलेली पहिली गोष्ट कुणाला क्षुल्लक वाटेल. हातात काहीच आले नाही. माझ्याकडे पत्र्याच्या एका डब्यात जुनी सिमकार्डे ठेवलेली आहेत. त्यांतली तीन माझी आणि तीन कोल्हापूरच्या दादाची, आणि या सहा कार्डांवरून महाराष्ट्रातल्या मोबाइल सेवेचा बराचसा इतिहास सांगता येतो.

माझे पहिले कार्ड बिर्ला एटी अँड टीचे आहे. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीकडे महाराष्ट्र-गोवा आणि गुजरात अशा दोन सर्कलचे, म्हणजे मोबाइल सेवेसाठी आखलेल्या विभागांचे, परवाने होते आणि १९९७ मध्ये तिची सेवा सुरू झाली. मुंबई हे वेगळे सर्कल असल्यामुळे पुण्याहून रेल्वेने निघाले की मुंबईत पोहोचेपर्यंत फोनच्या कोपऱ्यातले नाव बदललेले असे, कधी ऑरेंज, कधी बीपीएल, आणि रोमिंग सुरू होई. तेव्हा आलेला कॉल घेण्याचेही पैसे पडत, आणि ते मे २००३ मध्ये बंद झाले तोपर्यंत मी ग्राहकांना लँडलाइनवरच फोन करा असे सांगत असे. रिंग वाजली की क्रमांक पाहायचा, फोन कट करायचा आणि छापखान्यातल्या लँडलाइनवरून उलट फोन करायचा, ही माझी त्या काळातली रोजची रीत होती.

दुसरे कार्ड आयडियाचे. मधल्या काळात आंध्रातली टाटा सेल्युलर बिर्ला एटी अँड टीत विलीन झाली आणि नाव बिर्ला टाटा एटी अँड टी असे झाले. २००१ मध्ये मध्य प्रदेशातली आरपीजी सेलकॉम आली आणि २००२ मध्ये आयडिया हे नाव मिळाले. २००४ मध्ये एस्कोटेल घेतली गेली, तिच्याबरोबर हरियाणा, केरळ आणि पश्चिम उत्तर प्रदेश आले. २००५ मध्ये एटी अँड टी बाहेर पडली, २००६ मध्ये टाटा समूहाने आपला हिस्सा बिर्ला समूहाला विकला. २००७ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली आणि २००८ मध्ये पंजाब-कर्नाटकातली स्पाइस सामील झाली. त्याच वर्षी आयडियाने मुंबईतही सेवा सुरू केली आणि दादरला उतरल्यावरही फोनच्या कोपऱ्यात आपलेच नाव दिसू लागले. तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो. तिसरे कार्ड आयडियाचेच, २०१६ मध्ये फोर-जीसाठी बदलून घेतलेले. कोपरा तुटला तो याच कार्डाचा.

दादाचा क्रमांक ९८२३ ने सुरू होतो. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना हे चार आकडे वाचताच कंपनी आठवेल. ९८२० म्हणजे मुंबईतली मॅक्सटच, पुढची ऑरेंज आणि त्यानंतरची हच. ९८२१ म्हणजे मुंबईतली बीपीएल. ९८२२ म्हणजे उर्वरित महाराष्ट्रातली बिर्ला एटी अँड टी आणि ९८२३ म्हणजे तिथलीच बीपीएल. सुरुवातीच्या धोरणानुसार प्रत्येक सर्कलमध्ये दोनच खासगी कंपन्या असल्यामुळे माझा आणि दादाचा क्रमांक शेजारी असूनही प्रतिस्पर्धी होते. कोणाच्या फोनला घाटात रेंज येते यावर आमच्या घरी दिवाळीत वाद होत असत. दादाची तीन कार्डे बीपीएल, हच आणि व्होडाफोन अशी आहेत. महाराष्ट्र, तमिळनाडू आणि केरळमधला बीपीएलचा व्यवसाय २००६ मध्ये हचकडे गेला. २००७ मध्ये ब्रिटनच्या व्होडाफोनने हचिसनचा भारतीय व्यवसायातला ६७ टक्के हिस्सा सुमारे ११ अब्ज डॉलरना घेतला आणि त्या सप्टेंबरात हचचे नाव जाऊन व्होडाफोन आले. या व्यवहारावरच्या कराचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत आणि तिथून आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आली आणि फुकट सेवेपुढे बाकीच्या कंपन्यांचे हिशेब कोलमडले. मार्च २०१७ मध्ये आयडिया-व्होडाफोन विलीनीकरणाची घोषणा झाली, ३१ ऑगस्ट २०१८ रोजी ते पूर्ण झाले आणि ४० कोटींहून अधिक ग्राहकांची, देशातली तेव्हाची सर्वात मोठी मोबाइल कंपनी अस्तित्वात आली. ९८२०, ९८२२ आणि ९८२३ या तिन्ही मालिका एका घरात आल्या. एकटी ९८२१ मात्र वेगळी राहिली. मुंबईची बीपीएल २००९ मध्ये लूप झाली, २०१४ मध्ये एअरटेलशी ठरलेला तिचा व्यवहार फिसकटला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात परवान्याची मुदत संपल्यावर ती बंद पडली. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर होती म्हणूनच तिच्या ग्राहकांचे क्रमांक वाचले. ही सोय पाच वर्षे उशिरा आली असती तर काय झाले असते, हा विचार मी पत्रिका छापणारी म्हणून केला आहे आणि तो सुखाचा नाही.

आता पुन्हा ई-सिमकडे येते. पहिल्या महिन्यात मी अत्यंत नाराज होते, आणि ती नाराजी एका नियमावर होती. सिम बदलल्यानंतर २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. कागदवाल्याचे पैसे त्याच दिवशी द्यायचे होते, बँकेचा ओटीपी येईना आणि माल गोदामातच अडकला. त्या रात्री मी या अनुभवाचा पहिला मसुदा लिहिला होता आणि त्यात या नियमाला अन्याय म्हटले होते. ते मत मी मागे घेते. दुसऱ्याच्या क्रमांकाचे सिम फसवून काढून घ्यायचे आणि ओटीपी मिळताच खाते रिकामे करायचे, हा प्रकार थांबावा म्हणून हे २४ तास ठेवलेले आहेत. जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस कंपनीही बदलता येत नाही, तेही त्याच कारणासाठी. माझी अडचण एका दिवसाची होती. ज्याचे खाते रिकामे होते त्याची आयुष्यभराची असते.

दुसऱ्या ते चौथ्या महिन्यापर्यंत मी ई-सिमवर पूर्ण समाधानी होते. ट्रे नाही, पिन नाही, कार्ड झिजण्याची भीती नाही. फोन चोरीला गेला तरी चोराला सिम काढून फेकता येत नाही, हा फायदा गर्दीत वावरणाऱ्यांसाठी मोठा आहे. याच काळात मी दादालाही ई-सिम घेण्याचा सल्ला दिला होता.

पाचव्या महिन्यात फोनची स्क्रीन काळी पडली. पूर्वी असे झाले की मी कार्ड काढून बटणांच्या जुन्या फोनमध्ये घालत असे आणि पाच मिनिटांत काम सुरू होत असे. तो जुना फोन मी याच कारणासाठी चार्ज करून ठेवते. ई-सिम त्यात जाऊ शकत नाही. क्रमांक चालू होता, बिल भरलेले होते, टॉवर समोर होता, आणि तरीही स्क्रीन बदलून मिळेपर्यंतचे अडीच दिवस पत्रिकेवरच्या त्या ओळीला उत्तर देणारे कोणी नव्हते. दुसऱ्या फोनसाठी नव्याने सिम घ्यायचे म्हटले तर पुन्हा २४ तासांचा नियम लागू होणार होता. दोन कामे त्या अडीच दिवसांत दुसऱ्या छापखान्यात गेली, हे मला नंतर ग्राहकांकडूनच कळले.

तेव्हापासून माझ्या मनात एक तुलना सुरू आहे. सत्तावीस वर्षांत माझ्या क्रमांकाच्या कंपनीचे, म्हणजे आजच्या वीचे, भागीदार आले आणि गेले, नावे बदलली, १९९९ च्या धोरणाने महसुलातला वाटा म्हणून ठरलेल्या परवाना शुल्कात नेमके कोणते उत्पन्न मोजायचे यावर खटला चालला आणि २४ ऑक्टोबर २०१९ च्या निकालाने तिच्यावर हजारो कोटींचा बोजा पडला. त्या देण्यांवरच्या व्याजाचे २०२३ मध्ये आणि स्पेक्ट्रमच्या थकबाकीपैकी ३६,९५० कोटींचे एप्रिल २०२५ मध्ये शेअरमध्ये रूपांतर होऊन केंद्र सरकार जवळपास ४९ टक्क्यांचा मालक झाले. ग्राहकसंख्या आज २० कोटींच्या आसपास उरली आहे. माझा कोपरा तुटला त्याच महिन्यात सरकारचा हिस्सा एवढा झाला. या सगळ्या उलथापालथीत माझा फोन एक तासही बंद राहिला नाही आणि मला कधी एक रुपयाही वेगळा मोजावा लागला नाही. खटकले ते दोन्ही वेळा नखाएवढ्या तुकड्यामुळे, एकदा तो तुटला म्हणून आणि एकदा तो नव्हता म्हणून.

ज्यांचा क्रमांक फक्त घरच्यांकडे आहे आणि ज्यांच्याकडे ई-सिम चालणारा दुसरा फोन आहे, त्यांनी ई-सिम निःशंकपणे घ्यावे. ज्यांचा क्रमांक पाटीवर, पावतीवर किंवा पत्रिकेवर छापलेला आहे आणि हाताशी साधा जुना फोनच आहे, त्यांनी कार्डच ठेवावे. दादाला दिलेला सल्ला मी फोन करून मागे घेतला आहे, आणि त्याने अजून ई-सिम घेतले नव्हते हे ऐकून मला बरे वाटले.

फेब्रुवारीच्या मुहूर्तांची छपाई सुरू होण्याआधी मी पुन्हा कार्ड घेणार आहे. त्यासाठी रविवार निवडला आहे आणि कागदवाल्याचे पैसे शनिवारीच देऊन ठेवणार आहे.