डीबी स्पेक्ट्रम प्लस, आठ महिन्यांनंतर: मशीन झकास, कीबोर्डची पट्टी डोक्याला ताप

हे लिहायला घेतलं तेव्हा वर ‘घेऊ नका’ असं लिहिलं होतं. त्याला आता चार महिने झाले. तेव्हाचा मजकूर तसाच ठेवतोय, कारण तेव्हाचा वैताग खरा होता.

जुन्या बाजारात एका रविवारी समया, पाने आणि बंद पडलेल्या इस्त्र्यांच्या ढिगात हा जुना घरगुती संगणक सापडला. झेड-८० प्रोसेसर, ४८ के मेमरी वगैरे इथल्यांना सांगायला नको. मूळ ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा, आपल्या पुण्याच्याच डेसिबेल्सने ऐंशीच्या दशकात परवाना घेऊन विकलेला. विकणाऱ्याला वाटत होतं ही वाजवायची पेटी आहे. चार हजारांवरून २६०० वर आला. अडॅप्टर नाही, कॅसेट नाही, हमी तर नाहीच.

अडॅप्टरचं आधी, कारण इथे लोक मशीन जाळतात. याला ९ व्होल्ट, १.४ अँपियर लागतात आणि आतली पिन ऋण असते. हल्ली मिळणारे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे. तपकीर गल्लीतला दुकानदार म्हणाला, “काही होत नाही, लावा बिनधास्त.” होतं! मेमरीच्या खालच्या १६ केच्या आठ ४११६ चिपांना अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. त्यातला उणे ५ गेला की चिपा मरायला लागतात. वायर कापून उलटी जोडली, मल्टिमीटरने दोनदा बघितलं, मगच बटण दाबलं. एकूण खर्च १८० रुपये. जुने कॅपॅसिटर बदलले, मॉड्युलेटरला (अँटेनाच्या खाचेसाठी सिग्नल बनवणाऱ्या डबीला) बगल देऊन टीव्हीच्या एव्ही खाचेत वायर नेली. ही कामं एका शनिवारात उरकली.

पांढरा पडदा, खाली सिंक्लेअरची १९८२ ची ओळ. बायकोला हाक मारली. ती आली, बघितलं, म्हणाली “बरं”, आणि गेली.

मग पी दाबलं. पडद्यावर ‘प्रिंट’ उमटलं; यात एका बटणाला अख्खी आज्ञा येते. ‘जे’ हे बटण दाबलं, तर काहीच नाही. एच, के, एल, एंटर: सगळे मुके.

आता यातली गंमत बघा. कीबोर्डची चाळीस मुख्य बटणं पाच-पाचच्या आठ ओळींत विभागलेली असतात. मेम्ब्रेनपासून (बटणांखालच्या प्लॅस्टिकच्या कागदापासून) दोन पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या बोर्डात जातात, एक पाच रेघांची, एक आठ. आठवालीतली एक रेघ तुटली की पाच बटणं एकदम जातात. माझी तुटलेली रेघ एच-जे-के-एल-एंटरची. ‘जे’ म्हणजे ‘लोड’. म्हणजे कॅसेटवरचा गेम मशीनमध्ये घेता येत नाही, आणि प्रिंट लिहिलं तरी एंटर मारता येत नाही. बाकी पस्तीस बटणं ठणठणीत असून उपयोग शून्य! रेघ क्यू-डब्ल्यू-ई-आर-टीची तुटली असती तर मी निदान एखादा गेम तरी लोड केला असता.

ते प्लॅस्टिक इतक्या वर्षांत पापडासारखं झालेलं. झाकण उघडलं की पट्टी वाकते, वाकली की तडकते. म्हणजे दुरुस्तीला उघडणं हेच बिघडायचं कारण. कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने “सोल्डर मारून देतो” म्हणत मी थांब म्हणेपर्यंत टोक वितळवलं आणि वर पन्नास रुपये मागितले. दिले नाहीत. घरी येऊन कात्रीने टोकाचे पाच मिलिमीटर कापले, पट्टी पुन्हा खोचली, आणि एंटर चालला! सहा आठवडे चालला. पुन्हा कापली. नऊ दिवस चालला. तिसऱ्यांदा कापायला पट्टीच पुरेना.

नवं मेम्ब्रेन ब्रिटनहून मागवावं लागतं. टपाल आणि सीमाशुल्क धरून ३७४० रुपये. अख्ख्या मशीनपेक्षा एक प्लॅस्टिकचा कागद महाग! त्यात कुरिअरवाल्यांनी तीनदा ‘घरी कोणी नव्हतं’ असा शेरा मारला. मी तिन्ही दिवस गॅलरीत बसून होतो. तेव्हाच ते ‘घेऊ नका’ लिहिलं.

इथून पुढचं आत्ताचं.

मेम्ब्रेन बसवून चार महिने झाले, एकही बटण चुकलेलं नाही. गेम कॅसेटवर आवाजाच्याच रूपात असतात, म्हणून ते मोबाइलवरून वाजवून लोड करतो, आवाज पूर्ण, त्यासाठी हेडफोनची खाच असलेला जुना फोन कपाटातून काढला. विमान मोडवर टाका. एकदा चार मिनिटं झाली असताना मामांचा सुप्रभात संदेश टुणकन वाजला आणि लोडिंग एररवर सगळं मुसळ केरात.

पण मला गेमपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने धरून ठेवलंय. याच्यात आपण घडवायची एकवीस अक्षरं असतात, आठ बाय आठ ठिपक्यांची. पुतणी आठवीत आहे. आधी “एवढंच?” म्हणाली, मग चौकटीची वही घेऊन बसली ती जेवायला उठेना. शिरोरेषा म्हणजे आठही ठिपके पेटलेली एक ओळ, पोकमध्ये (मेमरीत आकडा टाकायच्या आज्ञेत) २५५. पहिल्यांदा तिने ती सगळ्यात वर घेतली आणि वेलांटीला जागाच उरली नाही. मग तिसऱ्या ओळीवर उतरवली. खाली पाच ओळींत ‘क’ बसतो, ‘श्र’ काही केल्या बसत नाही; त्याला दोन घरं दिली. एकवीस घरांत अख्खी बाराखडी मावत नाही म्हणून फक्त तिच्या नावापुरती अक्षरं केली. नाव पडद्यावर सलग रेघेखाली उमटलं तेव्हा ३७४० रुपयांबद्दल मी दोन दिवस काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बोललो.

तर घ्यावा का? कीबोर्ड दाबून बघता येत नसेल तर मेम्ब्रेनचे पैसे किमतीत धरा आणि तेवढे पाडून मागा. विकणारा ऐकत नसेल तर निघा, तो हाक मारतो.

गेल्या पंधरवड्यात त्याच माणसाकडे आणखी एक मिळाला. आत बोर्ड नाही, नुसता सांगाडा आणि कीबोर्ड, पाचशेला. जादा म्हणून घेतला. पट्ट्या शाबूत आहेत का ते बघायला उघडावा लागेल, म्हणून अजून उघडलेला नाही.