शोभेची जोडी: चकमकीचं पिस्तूल घ्या, रिव्हॉल्व्हर राहू द्या

जळगाव-धुळ्याकडे शोभेच्या वस्तूंच्या दुकानात ही जोडी मिळते. एका लाकडी फळीवर वर चकमकीचं पिस्तूल, खाली सहा घरांचं (गोळ्या भरायच्या सहा खणांचं) रिव्हॉल्व्हर आणि मध्ये छापील चिठ्ठी. भाव ४,२०० रुपये, घासाघीस केली तर ३,८००.

पिस्तुलाचे पैसे वसूल होतात. घोडा अर्धा ओढला की खट्‌कन थांबतो आणि तिथे चाप दाबला तरी सुटत नाही. शोभेच्या मालात हा अर्धा टप्पा बहुतेक वेळा गाळलेलाच असतो. गारगोटीही डिंकानं चिकटवलेली नाही. चामड्याच्या तुकड्यात धरून वरच्या स्क्रूनं आवळली आहे. चामडं नसलं तर गार निसटते किंवा आघातानं फुटते. घोडा पडला की ती समोरच्या पानावर घासते, पान उलटतं आणि खालची रंजकाची, म्हणजे बार पेटवणाऱ्या बारीक दारूची, वाटी उघडी पडते. अस्सल पिस्तुलात हे पान कडक पोलादाचं असे, इथे जस्ताचं ओतकाम आहे, म्हणून ठिणगी नाही. कान, म्हणजे वाटीतला जाळ नळीत नेणारं भोक, तोही पाडलेला नाही. हे असंच हवं. घेताना नळीत पेन्सिल घालून बघा, दोन बोटांवर अडली पाहिजे. आत पोकळ लागली तर कितीही देखणं असो, परत ठेवा, नाहीतर शस्त्र कायद्याचं लचांड मागे लागेल.

पिस्तुलाच्या बाजूच्या पट्टीवर कंपनी सरकारचं (ईस्ट इंडिया कंपनीचं) हृदयाच्या आकाराचं चिन्ह आणि खाली १८२५. कंपनीनं ते चिन्ह १८०८ च्या सुमारास सोडून उभा सिंह घेतला होता. चूकच, पण भिंतीवर खपून जाते.

रिव्हॉल्व्हर मात्र निव्वळ सोंग आहे. चिठ्ठी म्हणते, ‘भिल्ल पलटण, धरणगाव, १८२५’. इंग्रज अधिकारी आउट्रमनं खानदेशात भिल्लांची ही पलटण उभारली ती १८२५ मध्येच, पण रिव्हॉल्व्हरवाल्या कोल्टचं अमेरिकन पेटंट १८३६ चं! फिरत्या घरांची कल्पना त्याआधीची; कोलियरनं १८१८ मध्ये चकमकीच्याच फिरत्या हत्याराचं पेटंट इंग्लंडात घेतलं होतं. अडायचं ते रंजकापाशी. सातपुड्यातल्या पावसाळी हवेत रंजक सर्दावली की पेटत नाही, आणि कान बुजला असेल तर वाटीतच भुर्र होऊन बार तसाच राहतो. फोर्सिथनं १८०७ मध्ये आघातानं पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं, पुढे तो मसाला भरलेली तांब्याची छोटी टोपी आली आणि वाटी-रंजकाची भानगडच मिटली. प्रत्येक घराला स्वतःची टोपी मिळाली. त्यावर कोल्टनं साधलं ते असं: घोडा ओढला की सिलिंडर एक घर फिरतं आणि घर बरोबर नळीसमोर येऊन पक्कं अडकतं.

नेमकं तेच या नमुन्यात नाही. घोडा ओढा, सिलिंडर ढिम्म. बोटानं ढकला, तर गरगर फिरत राहतं. मागे टोप्या चढवायची सहा बारीक बोंडं हवीत, तिथे काडतुसांची पितळी बुडं दिसतात. काडतुसं आहेत म्हणावं तर नळीखाली गोळी ठासायची दांडी कशाला? अष्टकोनी नळी १८५१ च्या ‘कोल्ट नेव्ही’ रिव्हॉल्व्हरची, वरून बंद चौकट ॲडम्स या दुसऱ्याच बनावटीच्या रिव्हॉल्व्हरच्या धाटणीची. भंगारातून जुळवल्यासारखं वाटतं.

घरी आणल्यावर पितळी भागाला पितांबरी लावू नका, जुनाट रंग निघून पिवळं धमक होतं. एप्रिल-मेच्या उन्हात दस्त्याचं लाकूड आकसून स्क्रू ढिले पडतात. त्याआधी जवसाच्या तेलाचे तीन-चार थेंब कापडावर घेऊन लाकडाला चोळा आणि उरलेलं पुसून काढा. घोड्याच्या कमानीला मात्र शिवणयंत्राचंच तेल. स्वयंपाकाचं तेल उन्हानं चिकट होतं आणि घोडा अर्ध्यातच अडकतो. गारगोटीचा स्क्रू हातानं बसेल तेवढाच आवळा, पकडीनं आवळला तर जबड्याचं ओतकाम तडकतं.

जोडीच घ्यावी लागते असं नाही. विचारलं तर फळीवरून काढून एकटं पिस्तूल २,००० ला देतात.