नऊ महिने वापरल्यानंतर: फोन चांगला आहे, पण रेंजने छळलं

हा फोन घेऊन नऊ महिने झाले. कॅमेरा आणि स्क्रीनबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय, मी फक्त नेटवर्कबद्दल लिहिते. पहिले तीन महिने तक्रारीला जागाच नव्हती. चौथ्या महिन्यात रेंज जायला लागली.

आई तेव्हा आजारी होती, दिवसातून तीनदा फोन करायची आणि तिला 'संपर्क क्षेत्राबाहेर' असं ऐकू यायचं. माझा फोन वायफायवर असल्याने मेसेज येत राहायचे, त्यामुळे काही बिघडलंय हे मला दोन दिवस कळलंच नाही. त्या दोन दिवसांची हळहळ अजून आहे.

आधी फ्लाइट मोड चालू करून अर्ध्या मिनिटाने बंद केला. फोन टॉवरशी नव्याने नोंदणी करतो, म्हणून किरकोळ अडचण यानेच सुटते. माझी रेंज आली, पण दोन तासांत पुन्हा गेली. नेटवर्क निवड 'ऑटोमॅटिक'वरच होती. ५जी बंद करून ४जीवर ठेवून पाहिलं, तरी तेच. मग घाईघाईने नेटवर्क सेटिंग्ज रीसेट केल्या. वायफायचे सगळे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या गेल्या, हाती काहीच लागलं नाही. हा उपाय अगदी शेवटी ठेवा.

सर्व्हिस सेंटरमध्ये *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, पाहिला. पंधराही आकडे नीट दिसत होते. तिथे शून्यं किंवा रिकामी जागा दिसली असती तर मोडेमवरच, म्हणजे नेटवर्कशी बोलणाऱ्या फोनमधल्या भागावरच, संशय घ्यावा लागला असता. "फोनमध्ये दोष नाही" म्हणून त्यांनी परत पाठवलं. मला ते पटलं नाही, कारण हेच सिम जुन्या फोनमध्ये तीन वर्षं बिनतक्रार चाललं होतं.

रेंज गेली की फोन नेमकं काय लिहितो, हे मी तोवर वाचलंच नव्हतं. 'फक्त आपत्कालीन कॉल' म्हणजे टॉवर दिसतोय, पण तुमच्या कंपनीच्या नेटवर्कवर नोंदणी झालेली नाही. 'सेवा नाही' म्हणजे बहुधा टॉवरच सापडत नाही. माझ्या फोनवर मात्र 'सिम नाही' असं येत होतं. म्हणजे अडचण टॉवरपर्यंत पोचतच नव्हती, सिमच्या ट्रेमध्येच होती! बहिणीचं सिम माझ्या फोनमध्ये घातलं. चार दिवसांत एकदाही रेंज गेली नाही. ही अदलाबदल पहिल्याच दिवशी करायला हवी होती, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीची तपासणी तीच.

माझं सिम जुनं, मोठ्या आकाराचं, कटरने कापून नॅनो केलेलं. मोठी आणि मायक्रो कार्डं ०.७६ मिमी जाड असतात, नॅनो ०.६७ मिमी. कापल्याने लांबी-रुंदी जुळते, जाडी तशीच राहते. या फोनचा ट्रे घट्ट आहे, त्यात कार्ड दाबून बसायचं आणि थोडा धक्का लागला की पिनांशी संपर्क तुटायचा. जुन्या फोनचा ट्रे सैल होता, तिथे ते खपून गेलं. कंपनीकडून त्याच नंबरचं नवं सिम घेतलं. त्याला आता पाच महिने होत आले, 'सिम नाही' पुन्हा दिसलेलं नाही.

रीसेटनंतर आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. कॉल लागायला वेळ लागायचा आणि बोलताना इंटरनेट मंदावायचं, कारण व्होल्टीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, बंद झालं होतं. ४जीवर जुन्या पद्धतीचा आवाजाचा मार्गच नसतो, त्यामुळे व्होल्टीई नसेल तर फोन कॉलसाठी २जी-३जीवर उतरतो. जिथे ती जुनी नेटवर्कं बंद झाली आहेत तिथे कॉल लागणारच नाही. रीसेट केलंत तर ते बटण जरूर तपासा.

फोनबद्दल माझी खरी तक्रार एकच. सिग्नलची ताकद सांगणारा डीबीएम आकडा (तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) सेटिंग्जच्या 'फोनबद्दल' मध्ये, सिमच्या स्थितीत, तीन पडदे आत दडवलाय. वरच्या कांड्यांपेक्षा तोच उपयोगी. माझ्या आतल्या खोलीत उणे ११५ दिसतो, खिडकीशी उणे ९५. दर १० डीबीला सिग्नलची शक्ती दहापट बदलते, म्हणजे खिडकीशी ती शंभरपट जास्त. आतल्या खोलीत फोनला जोर लावून टॉवर गाठावा लागतो, म्हणून बॅटरीही लवकर उतरते. रात्री चार्जिंगला मी आता तो खिडकीशीच लावते.