रात्रीसाठी खिशातली टॉर्च: सगळ्यात कमी उजेड किती, ते आधी बघा

टॉर्च घेताना सगळे आधी विचारतात फोकस किती लांब जातो. ठाणे स्टेशनजवळच्या दुकानांत चौकशी केली तेव्हा माझ्यासमोरही तसलाच माल आला, समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर उजेड पाडणारा. मला हवं होतं नेमकं उलट. ऐरोलीत सिडकोच्या वन रूम किचनमध्ये आम्ही चौघं राहतो. पहिली पाळी असली की मी पहाटे चारला उठतो, आणि आई, बायको, मुलगी शेजारीच झोपलेल्या असतात. मोबाईलची टॉर्च लावली की मुलगी चुळबुळ करते आणि आईची झोप तर एकदा मोडली की पुन्हा लागतच नाही. म्हणून शोध सुरू केला तो जवळजवळ न दिसणाऱ्या उजेडाचा.

पावसाळ्याच्या तोंडावर थ्रूनाईट कंपनीची टीआय३ ही टॉर्च मागवली. आता थंडी सुरू झाली आहे आणि ती रोज खिशात आहे. बोटाएवढी, रिमोटमधल्या बारीक पेन्सिल सेलवर, म्हणजे ट्रिपल ए वर चालते. डोकं फिरवलं की लागते. पहिली पायरी ०.०४ लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप), दुसरी १२, तिसरी १२०.

०.०४ लुमेन वाचून बायको म्हणाली, "हे लागलंय की बंदच आहे?" दिवसा खरंच कळत नाही, मुठीत धरून बघावं लागतं. पण हिशेब करा. एक लुमेन उजेड एक चौरस मीटरवर पसरला की एक लक्स होतो. लख्ख पौर्णिमेला जमिनीवर साधारण पाव लक्स उजेड असतो. कमरेपाशी धरलेल्या टॉर्चचा उजेड फरशीवर साधारण चौरस मीटरभर पसरतो, म्हणजे हा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याच्या सहाव्या हिश्शाएवढा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तेवढ्यात अंथरूण, चपला, दाराची कडी, मुलीचा पसरलेला हात, सगळं दिसतं.

इथे "सरावलेल्या" हा शब्द महत्त्वाचा आहे. अंधारात काम करतात त्या डोळ्यांतल्या दंडाकार पेशी. त्यांतलं ऱ्होडॉप्सिन, म्हणजे उजेड टिपणारं द्रव्य, उजेडाने विघटित होतं आणि पुन्हा पूर्ण भरायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तुम्ही झोपेतून उठता तेव्हा ही तयारी आयती झालेली असते. भसकन उजेड पडला की ती गेली, आणि मग बाथरूममधून परत येताना चाचपडत यावं लागतं. म्हणून माझ्या मते या खरेदीत एकच गोष्ट बघायची: टॉर्च सगळ्यात कमी उजेडावर सुरू होते का. कमी उजेड "आहे" एवढं पुरत नाही. आधी घेतलेल्या एका रिचार्जेबल टॉर्चमध्येही मंद पायरी होती, पण तिला मागचा मोड लक्षात राहायचा. संध्याकाळी जिन्यात पूर्ण उजेडावर वापरली की पहाटे तोच उजेड तोंडावर. अशी टॉर्च रात्रीच्या कामाची नाही, मग किंमत काहीही असो. टीआय३ थोडा वेळ बंद राहिली की पुन्हा ०.०४ वरूनच सुरू होते, आणि तीच तिची खरी किंमत आहे.

आता जे या उजेडात होत नाही ते. रंग कळत नाहीत. दंडाकार पेशींना रंग ओळखता येत नाही, ते काम शंक्वाकार पेशींचं, आणि त्यांना जास्त उजेड लागतो. आईची रात्रीची गोळी शोधायची असेल तर गुलाबी पट्टी आणि पांढरी पट्टी ०.०४ मध्ये सारख्याच दिसतात. औषधाच्या बाबतीत हा धोका पत्करू नका. पट्टीवरचं नाव वाचायला एक ते तीन लुमेन हवेत. टीआय३ मध्ये ०.०४ आणि १२ च्या मधली पायरी नाही. १२ म्हणजे एका मेणबत्तीएवढा उजेड, आणि लहान खोलीत रात्री तो बराच होतो. मी टॉर्चच्या तोंडावर बोट ठेवून हवा तेवढाच उजेड सोडतो. बटर पेपरचा गोल तुकडा चिकटवला तरी चालतं.

लाल दिव्याची टॉर्च घ्या असं अनेक जण सुचवतात. दंडाकार पेशी गडद लाल उजेडाने फारशा बिथरत नाहीत हे खरं आहे. पण लाल उजेडात औषधाच्या पट्टीवरची लाल अक्षरं गायब होतात, आणि लाल असला तरी भगभगीत उजेड त्रास देतोच. घरात मला मंद पिवळसर पांढरा बरा वाटतो. २७०० ते ३००० केल्व्हिनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर) मिळाला तर जरूर घ्या. झोपेचं गणित बिघडवणाऱ्या डोळ्यांतल्या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतात, आणि पिवळसर दिव्यात निळा भाग कमी असतो.

स्वस्त टॉर्चमध्ये उजेड कमी करायला दिवा भराभर चालू-बंद करतात. उजेडात हात जोरात हलवा, बोटं तुकड्या-तुकड्यांत दिसली तर ती तसली. काहींना याचा त्रास होत नाही, मला होतो.

सेलबद्दल: अल्कलाईन टाकू नका. ते गळतात, आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साईड स्प्रिंग आणि आटे खातं, आणि महिनोन्‌महिने एकच सेल आत राहणाऱ्या टॉर्चमध्ये ते उशिरा लक्षात येतं. मी एनेलूप ब्रँडचे १.२ व्होल्टचे रिचार्जेबल सेल वापरतो. पहिल्या पायरीवर कंपनी ११५ तास सांगते. माझा वापर रोज काही मिनिटांचा, त्यामुळे चार्जिंगची आठवण क्वचितच होते. १२० लुमेन मी फक्त पावसात, स्टॉपपर्यंत जाताना रस्त्यावरच्या पाण्याचा अंदाज घ्यायला वापरले.

डोकं फिरवायच्या टॉर्चला दोन हात लागतात. आईच्या बोटांत संधिवात, तिला ते जमेना. तिच्यासाठी बटणाची सोफर्न एसपी१० प्रो घेतली, ती साध्या पेन्सिल सेलवर, म्हणजे डबल ए वर चालते. तिच्यात अँड्युरिल नावाची प्रणाली आहे: बंद असताना बटण दाबून धरलं की सगळ्यात मंद उजेडावर लागते, आणि धरूनच ठेवलं तर हळूहळू वाढत जाते. गोळी वाचायला लागणारा मधला उजेड इथे आपसूक मिळतो. चार वेळा बटण दाबून कुलूप लावलं की चुकून पूर्ण उजेड लागत नाही, आणि कुलपात असतानाही बटण दाबून धरेपर्यंत मंद उजेड मिळतो, सोडलं की बंद. आईला मी तीच सवय लावली आहे. घरात कोणी वयस्कर असेल तर सरळ हीच घ्या, एकट्यासाठी आणि खिशासाठी टीआय३.