इंग्रजी शब्द आणि वाक्प्रचारांसाठी कार्डांचे अ‍ॅप : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

इंग्रजी वाचताना अडखळणे जवळजवळ थांबले होते, पण बोलताना मात्र तेच ते मोजके शब्द फिरून फिरून येत होते. ही कोंडी फुटावी म्हणून ठरावीक अंतराने उजळणी करून घेणारे, एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर अशा कार्डांचे एक अ‍ॅप मी वापरायला घेतले. बऱ्याच महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, शब्द विसरू न देण्याचे काम ते चोख करते. मात्र तो शब्द बोलताना आपणहून सुचेल की नाही, हे कार्डावर आपण काय लिहिले आहे यावरच ठरते.

अ‍ॅपमागची कल्पना जुनी आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि तो सुरुवातीला फार, पुढे मंद असतो, हे १८८५ मध्ये मांडले. सेबास्टियन लाइटनर या जर्मन विज्ञान-पत्रकाराने १९७२ मध्ये खोक्याच्या कप्प्यांतून कार्डे (आठवले तर पुढे, विसरले तर मागे) सरकवण्याची पद्धत लोकप्रिय केली, तर १९८७ मध्ये पोलंडचे संशोधक प्योत्र वोझ्निआक यांनी अशा उजळणीचे गणित संगणकावर आणले. त्या गणितात पहिली उजळणी १ दिवसाने, दुसरी ६ दिवसांनी येते आणि पुढचे अंतर साधारण अडीच पटींनी वाढत जाते. उत्तर देताना अडखळलो तर हा गुणक घटतो. मी वापरतो ते अ‍ॅपही याच तत्त्वावर चालते. त्यामुळे सोपे शब्द महिनोन्‌महिने समोर येत नाहीत आणि हट्टी शब्द पाठ सोडत नाहीत.

अ‍ॅपमध्ये तयार संचही मिळतात. त्यांत एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला एका ओळीचा मराठी अर्थ असतो, आणि नेमके तेच मला निरुपयोगी वाटले. ‘डिसिजन’ म्हणजे निर्णय हे ठाऊक असूनही तो ‘मेक’ करायचा की ‘डू’ करायचा, हे अशा कार्डावरून कळत नाही. पाऊस ‘हेवी’ असतो आणि वारा ‘स्ट्राँग’, हेही नाही. शब्दांच्या या ठरलेल्या जोड्या हीच रोजच्या इंग्रजीची खरी अडचण आहे. म्हणून माझ्या कार्डावर पूर्ण वाक्य असते आणि हवा तो शब्द रिकामा सोडलेला असतो. वाक्ये मी वाचनातून किंवा ऐकण्यातून घेतो आणि अर्थासाठी विद्यार्थ्यांकरिता केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडतो. बर्मिंगहॅम विद्यापीठात भाषाशास्त्रज्ञ जॉन सिंक्लेअर यांच्या चमूने तयार केलेल्या आणि १९८७ मध्ये निघालेल्या ‘कोबिल्ड’ शब्दकोशात शब्दाची व्याख्याच पूर्ण वाक्यात दिलेली असते, त्यामुळे तो शब्द कशाबरोबर येतो हे अर्थासोबतच कळते. कार्ड करण्यासाठी याहून सोयीची सामग्री मला तरी आढळलेली नाही.

वाक्प्रचारांची गोष्ट अधिक नाजूक आहे. बहुतेक याद्यांत मुसळधार पावसासाठी मांजरी आणि कुत्र्यांचा पाऊस पाडणारा वाक्प्रचार अगदी वरच्या क्रमांकावर असतो, पण आजच्या बोलण्यात तो क्वचितच ऐकू येतो. उलट ‘कॉल इट अ डे’ (आजचे काम इथेच थांबवणे), ‘अंडर द वेदर’ (बरे नसणे), ‘आउट ऑफ द ब्लू’ (अगदी अचानक) हे सतत कानावर पडतात. शिवाय प्रत्येक वाक्प्रचाराची रचना कमी-अधिक गोठलेली असते. गुपित फोडणे या अर्थाचा ‘स्पिल द बीन्स’ कर्मणी प्रयोगात चालतो. मरणे या अर्थाचा ‘किक द बकेट’ मात्र चालत नाही, तसे केले की खरोखरीची बादली लाथाडल्याचाच अर्थ उरतो. तो थट्टेच्या सुरातला असल्याने सांत्वनाच्या पत्रात तर मुळीच शोभत नाही. अशा बारकाव्यांसाठी कार्डावर ‘सूर’ असा एक वेगळा रकाना ठेवणे मला आवश्यक वाटते. बहुतेक वाक्प्रचार ऐकल्यावर ओळखता आले तरी पुरे. स्वतः वापरण्यासाठी मी थोडेच निवडले आहेत आणि त्यांचीच कार्डे उलट्या बाजूनेही, म्हणजे मराठी प्रसंगावरून इंग्रजी आठवायची, अशी केली आहेत.

फ्रेझल व्हर्ब्जना, म्हणजे ‘ऑफ’, ‘आफ्टर’ असे छोटे शब्द जोडून बनलेल्या क्रियापदांना, पूर्ण वाक्याचाच नियम लावला. ‘टर्न इट ऑफ’ मध्ये सर्वनाम मध्ये बसते, ‘लुक आफ्टर देम’ मध्ये ते शेवटी जाते, आणि व्याकरणाचे हे दोन गट पाठ करण्यापेक्षा सर्वनामासकट वाक्य कार्डावर घालणे कितीतरी सोपे जाते.

त्रासाची बाब म्हणजे साचत जाणारी उजळणी. रोज २० नवी कार्डे घेतली तर काही आठवड्यांतच दिवसाची उजळणी शंभरापलीकडे जाते, आणि दोन दिवस खंड पडला की डोंगर उभा राहतो. नव्या कार्डांची मर्यादा कमी ठेवली तर हा भार आवाक्यात राहतो. दुसरी उणीव आवाजाची आहे. यांत्रिक आवाज सुटा शब्द बरा उच्चारतो, पण ‘कॉल इट अ डे’ प्रत्यक्षात एका दमात, शब्द एकमेकांत मिसळून कसे म्हटले जाते, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी माणसाच्या आवाजातले वाक्य शोधून कार्डाला जोडावे लागते, आणि एका कार्डामागे सर्वाधिक वेळ त्यातच जातो.