शिकवणारे मामा उत्तम, ऑफिस रामभरोसे

आधीच सांगते, या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी शिकलेली नाही, माझा नवरा शिकला. आणि त्याला गाडी आधीपासून येत होती. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंग धरणाऱ्यांनी हा रिव्ह्यू जरा बेतानेच घ्यावा. पण ज्यांच्या घरात परदेशातून आलेली सून किंवा जावई आहे, किंवा बरीच वर्षं अमेरिकेत काढून परत आलेला भाऊ आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

नवरा अर्जेंटिनाचा, मेंडोझाचा. तिकडे द्राक्षं आणि वाइन हाच मोठा धंदा, म्हणून तर तो नाशकात आला. आता दिंडोरी तालुक्यातल्या एका वायनरीत कामाला आहे. कॉलेजात असल्यापासून गाडी चालवतोय, तीही गिअरची, अँडीजच्या वळणांवरून. फक्त डावीकडे बसून आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने. तसं १९४५ च्या जूनपर्यंत अर्जेंटिनातही गाड्या डावीकडूनच चालायच्या, मग त्यांनी बाजू बदलली. हे ऐकून आमचे बाबा म्हणाले, "म्हणजे त्याच्या आजोबांना आणलं असतं तर क्लासचे पैसे वाचले असते."

येताना त्याने इंटरनॅशनल परमिट आणलं होतं. ते वर्षभर चालतं. पण कागद हातात असला म्हणून गंगापूर रोडला गाडी काढायची हिंमत येत नाही. शिकवायचं कोणी, यावर घरात बरीच चर्चा झाली. बाबांचं शिकवणं म्हणजे दर दहा मीटरवर "अरे अरे अरे". माझं त्याहून वाईट, कारण मी ओरडत नाही, गप्प बसते आणि दाराचं हँडल घट्ट धरते. त्याला त्याचाच जास्त ताण यायचा. शिवाय आपल्या गाडीत शेजारच्या माणसाच्या पायाखाली ब्रेक नसतो. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीला शिक्षकाच्या बाजूलाही कंट्रोल असणं नियमानेच सक्तीचं आहे, आणि मला विचाराल तर फीचे अर्धे पैसे त्यासाठीच द्यायचे असतात.

पहिले काही दिवस वाया गेले. ऑफिसने त्याला नवशिक्यांच्या बॅचमध्ये टाकलं आणि एका तरुण शिक्षकाने क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर कुठे असतो इथून सुरुवात केली. पेडलं जगात सगळीकडे त्याच क्रमाने असतात हो. डाव्या हाताने गिअर टाकणंही त्याला लगेच जमलं. मी जाऊन सांगितलं की याला गाडी येते, याला बाजू येत नाही. मग त्यांनी मामांकडे दिलं. मामा म्हणजे या स्कूलमधले सगळ्यात जुने शिक्षक, आधी एसटीत ड्रायव्हर होते. सगळे त्यांना मामाच म्हणतात.

मामांनी पहिल्या दिवशी काही शिकवलं नाही. नुसते शेजारी बसले आणि म्हणाले, "चालवा जावईबापू, मी बघतो." मी मागे बसले होते. महात्मा नगरमधल्या एका रस्त्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, पर्समध्ये टिकली आहे का?"

झालं होतं असं, की नवरा सतत डावीकडे सरकत होता. उभ्या रिक्षांच्या आरशांना घासतोय की काय असं वाटायचं. मामांनी कारण सांगितलं ते मला आजवर कोणी सांगितलेलं नव्हतं. इतकी वर्षं तो गाडीत डावीकडे बसला, म्हणजे लेनमध्ये त्याचं अंग कायम डाव्या अंगाला असायचं. आता बसतो उजवीकडे, पण अंग सवयीने जुनीच जागा शोधतं, आणि त्याच्यासोबत अख्खी गाडी डावीकडे जाते. मामांनी गाडीचं डावं चाक रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर आणून उभं केलं, नवऱ्याला सरळ बसायला लावलं आणि त्याच्या नजरेतून तो पट्टा काचेत खाली जिथे दिसत होता तिथे माझी टिकली चिकटवली. साधारण काचेच्या मध्यावर आली. म्हणजे टिकली जिथून जाते तिथून डावं चाक जातं. सगळा कोर्स संपेपर्यंत त्या गाडीत माझी मरून टिकली होती. बाकीच्या शिकणाऱ्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. माझी समजूत होती की गर्दीत तो चुकेल. मामा म्हणाले, गर्दीत कोणी चुकत नाही, पुढच्याच्या मागे जायचं असतं. माणूस चुकतो ते रिकाम्या रस्त्यावर. पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, पहाटे सोसायटीच्या गेटातून निघताना, यू-टर्न घेतल्यावर. समोर एकही गाडी नसली की डोकं जुन्या देशात परत जातं. म्हणून त्यांनी वेळ सकाळी साडेसहाची लावली आणि सगळा सराव अशाच जागी घेतला: पंपात शिरा, बाहेर पडा, उजवीकडे वळा, परत या. वळल्यावर कुठल्या बाजूला जायचं हे आठवण्यासाठी एकच सूत्र दिलं, "दुभाजक तुमच्या कोपराला." ड्रायव्हर नेहमी रस्त्याच्या मधल्या बाजूला बसतो. इथेही आणि त्याच्या देशातही. म्हणजे त्याला नवीन काही लक्षात ठेवायचंच नव्हतं, कोपर बदललं एवढंच.

मग जेहान सर्कल. अर्जेंटिनात सर्कलला घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात, आपल्याकडे सुलट. त्याची नजर सवयीने डावीकडे जायची आणि गाड्या यायच्या उजवीकडून. इथे मामांनी दोनदा स्वतःचा ब्रेक दाबला. आवाज मात्र चढवला नाही.

सगळ्यात मजा आली ती बिनसिग्नलच्या चौकांची. मेंडोझात अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा अगदी पक्का नियम. गंमत म्हणजे आपल्या नियमांतही हेच लिहिलंय. नवऱ्याने हे नियम वाचले होते. त्यामुळे कॉलेज रोडच्या एका गल्लीतून येताना तो डावीकडे न बघताच निघाला, कारण डावीकडच्याने थांबायला हवं होतं. मामांनी ब्रेक दाबला आणि म्हणाले, "पुस्तकात आहे, बरोबर आहे. पण त्या बुलेटवाल्याने पुस्तक वाचलंय का ते आधी बघा." यानंतर मामांनी शिकवलं ते सगळं असंच, पुस्तकाबाहेरचं. पुढची रिक्षा हळू झाली की आरशात न बघता माणूस उतरणार. सिटीलिंकच्या बसमागून दुचाकी डावीकडून निघणार. दुभाजकाच्या कडेने कोणीतरी उलटं येणार आणि वर तोच आपल्याकडे रागाने बघणार. हॉर्न हे भांडण नाही, "मी इथे आहे" एवढंच सांगणं आहे, हे त्याला पटायला वेळ लागला. मनात अपराधी वाटत असल्यासारखा तो हॉर्न वाजवतो अजून.

भाषेचं काय, असं मला बरेच जण विचारतात. मामांचं मराठी-हिंदी, त्याचं मोडकं मराठी आणि स्पॅनिश. गाडीत लागतात किती शब्द? दाब, सोड, थांब, सावकाश. बाकीचं मामा हाताने दाखवतात. मीही नंतर मागे बसायचं बंद केलं, त्या दोघांचं माझ्यावाचून जास्त बरं चाललं होतं.

आता तक्रारी. मामा रस्त्यावर जेवढे चोख, तेवढंच ऑफिस गचाळ. नियमाप्रमाणे चारचाकीच्या कोर्सला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे १० तास लागतात, म्हणजे रोजचा अर्धा तास. इथे त्या अर्ध्या तासात आधीच्या मुलाला घरी सोडणं आणि पुढच्या मुलीला घेणंही बसवतात. एकदा तर चक्क सीएनजीच्या रांगेत आमची वेळ संपली. मी भांडले तेव्हा तो दिवस भरून दिला, न भांडणाऱ्यांचं काय होत असेल? फी एकरकमी सांगतात, त्यात सरकारी किती आणि यांची किती ते सांगत नाहीत. शिकाऊ परवान्याची सरकारी फी १५० रुपये आहे आणि ड्रायव्हिंग टेस्टची ३००, हे परिवहन खात्याच्या पोर्टलवर कोणालाही दिसतं. मी हे आकडे सांगितल्यावर पावती मिळाली.

आणि मुख्य म्हणजे परदेशी माणसाच्या कागदपत्रांबद्दल ऑफिसातल्या मुलाला काडीचीही माहिती नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ९ मध्ये परदेशातला परवाना असलेल्याला टेस्टमधून सूट देण्याची तरतूद आहे. ती त्याने ऐकलेलीही नव्हती. वर म्हणतो, "टेस्टचं टेन्शन घेऊ नका ताई, सेटिंग आहे." मला सूटही नको होती आणि सेटिंग तर नकोच. रोज दिंडोरी रोडला जाणारा माणूस आहे, टेस्ट खरीच झालेली बरी. व्हिसा, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा ही सगळी जुळवाजुळव शेवटी मीच केली. शिकाऊ परवाना मिळाल्यावर ३० दिवसांनंतरच टेस्ट देता येते आणि तो परवाना सहा महिने चालतो, तेव्हा या हिशेबाने क्लास लावा. टेस्ट पेठ रोडच्या आरटीओत झाली. रिव्हर्स घेतली, चढावर थांबवून पुन्हा उचलली, पास. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

काय शिकवत नाहीत तेही सांगते. रात्रीचं ड्रायव्हिंग नाही. आपल्याकडे समोरचा हेडलाइटचा अप्पर लावूनच येतो, तेव्हा हे शिकवायलाच हवं. जानेवारी ते मार्च द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी रोडला क्रेट लादलेले पिकअप आणि मागे लाल दिवा नसलेले ट्रॅक्टर असतात, त्याचा सराव आम्हाला घरच्या गाडीवर करावा लागला. तोवर बाबांनी "अरे अरे" जरा कमी केलं होतं. पार्किंगही उरकल्यासारखं शिकवतात.

मामांना साडेचार तारे, ऑफिसला दीड, म्हणून इथे तीन देतेय. नाव नोंदवताना मामांचीच बॅच हवी हे फॉर्मवर लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं इथे टिकत नाही. सकाळची वेळ मागा. गाडी सुरू झाली की घड्याळ बघा. द्वारका सर्कलला मात्र घेऊन जायला सांगू नका. मी सांगितलं होतं, तर मामा म्हणाले, "ताई, तिथे मी स्वतः रिक्षाने जातो."